नामदेव माळी आणि रोजचे लिहिणे

शिक्षकांच्या कोणत्याही बैठकीत लेखनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "लिहिण्यासारखे खूप आहे हो, पण मन लागत नाही." कुणाला वेळ नसतो, कुणाला विषय सुचत नाही, तर कुणी आतून उमाळा येण्याची वाट पाहत असते. मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे ही तक्रार मला दोन्ही भाषांत ऐकायला मिळते. पण आपल्या मराठवाड्याचा इतिहास पाहिला तर नियमित लिहिणाऱ्यांना हा उमाळा आधी आलेला दिसत नाही. काम आधी सुरू झाले आणि गोडी मागाहून लागली.

आधी थोडे शब्दांविषयी. कागद, कलम, दौत, शाई, मसुदा, मजकूर, दफ्तर. मराठी माणूस लिहायला बसतो तेव्हा त्याच्या हाताखालच्या बहुतेक वस्तूंची नावे फारसी-अरबीतून आलेली असतात. ही माझी ओढाताण नव्हे. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावावर उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि ते औरंगाबादेतूनच निघाले.

'बाबा-ए-उर्दू' म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ मूळचे उत्तरेकडच्या हापुडचे. हैदराबाद संस्थानात ते शिक्षण खात्यात नोकरीला होते. औरंगाबादेत ते शाळा तपासनीस होते, पुढे तिथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूची जबाबदारी १९१२ मध्ये त्यांच्याकडे आली आणि संस्थेचे दफ्तर औरंगाबादेत आले. १९२१ मध्ये त्यांनी 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू केले. आता विचार करा. शाळा तपासायच्या, अहवाल लिहायचे, दौरे करायचे आणि दर तीन महिन्यांनी अंकही काढायचा. त्रैमासिक संपादकाच्या मनःस्थितीची वाट पाहत नाही. जुन्या दखनी पोथ्या शोधणे, त्या ताडून पाहणे, त्यांवर प्रस्तावना लिहिणे, हे सगळे त्या तारखेच्या धाकात झाले. दखनी उर्दूचा मोठा ठेवा आज आपण वाचू शकतो, त्यात त्या धाकाचा वाटा आहे.

याच अब्दुल हकांनी लिहिलेली जी व्यक्तिचित्रे 'चंद हम-असर' या पुस्तकात आहेत, त्यांत एक चित्र नामदेव माळ्याचे आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना हा पाठ ओळखीचा असतो. मराठी वाचकांना मात्र तो फारसा ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. नामदेव हा औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या बागेतला माळी. दलित जातीचा, मूलबाळ नसलेला. रोपे हीच त्याची लेकरे. एका वर्षी पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, बागा वाळल्या. नामदेव लांबून पाणी वाहून आणून झाडांना घालत राहिला आणि त्याची बाग हिरवी राहिली. एक दिवस काम करत असतानाच मधमाश्यांनी हल्ला केला आणि त्यात तो गेला. कुणी बक्षीस देईल, नाव काढील, असा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

संस्थानातल्या एका बड्या विद्वानाने नवाब-उमरावांच्या काळात एका माळ्यावर लिहावे, हीच मोठी गोष्ट. पण मला वाटते, नेमाने लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा पाठ स्वतःसाठी वाचावा. दुष्काळात पाणी वाहणाऱ्या माणसाला रोज सकाळी प्रेरणा मिळत असेल का? त्याच्यासमोर वाळणारे रोप होते, आणि तेवढे त्याला पुरेसे होते.

आता आपल्या परभणीकडे येऊ. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३, सातोना गावी. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. आता परतूर तालुक्याबरोबर जालना जिल्ह्यात गेले आहे. निजामाच्या बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी केली. त्या काळाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. १८८४ नंतर संस्थानचा कारभार फारसीऐवजी उर्दूत चालू लागला. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सभा-संमेलनांवर गश्ती नंबर ५३ ची टांगती तलवार. मराठी प्रकाशनाची मोठी केंद्रे पुण्या-मुंबईला, म्हणजे दुसऱ्याच राज्यात. अशा परिस्थितीत हा माणूस मराठीत कथा, कविता आणि कादंबऱ्या लिहीत राहिला.

त्यांच्या कादंबऱ्यांची सालेच पाहा: 'हिरवे गुलाब' १९४३, 'बाबू दडके' १९४४, 'उत्पात' १९४५, 'म्हणे लढाई संपली' १९४६. सलग चार वर्षे, दरवर्षी एक. शिवाय 'साकी', 'फकीराची कांबळी' हे कथासंग्रह. या नावांतच दोन्ही भाषांचे पाणी मिसळलेले दिसते. दिवसभर ज्या भाषेच्या कारभारात ते वावरले, तिचा त्यांनी राग धरला नाही. तिचे शब्द घेऊन त्यांनी आपली मराठी श्रीमंत केली. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत त्यांचे निधन झाले तेव्हा वय होते अवघे ४० वर्षे. मी त्या वयाच्या पुढे आले आहे. "निवांत झाल्यावर लिहू" असे ते म्हणाले असते तर मराठीच्या हाती काय लागले असते?

सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, जन्म १९१०. तेही निजामाच्या मुलकी सेवेत. उर्दू-फारसीत पारंगत. आदिलाबाद भागात अधिकारी असताना तिथल्या लोकांशी बोलता यावे म्हणून गोंडी आणि कोलामी शिकले आणि पुढे त्या भाषांची व्याकरणे लिहिली. पुढे मराठी वाचकांना उर्दू कवींची ओळख करून दिली, फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उलगडला. बदली झाली की अनेकांचे लिखाण थांबते. पगडींनी बदलीच्या गावालाच विषय केले.

नरहर कुरुंदकर वसमतजवळच्या कुरुंद्याचे. हाही तेव्हा परभणी जिल्हाच. 'श्रीमान योगी'ला त्यांची जी गाजलेली प्रस्तावना आहे, ती मुळात रणजित देसाईंना लिहिलेले लांबलचक पत्र होते. समोर विचारणारा माणूस होता, म्हणून इतके मोठे लिखाण झाले. ज्यांना लेख लिहिण्याचे दडपण येते त्यांनी पत्र लिहून पाहावे, हे यातून शिकण्यासारखे आहे.

म्हणजे चौघांना चार गोष्टींनी लिहिते ठेवले. अब्दुल हकांना अंकाच्या तारखेने, बी. रघुनाथांना भाषेच्या ओढीने, पगडींना आजूबाजूच्या माणसांनी आणि कुरुंदकरांना विचारणाऱ्याने. यांपैकी एकाही गोष्टीसाठी खास सवड लागत नाही. चौघेही पोटासाठी नोकरी करणारे होते.

पण कुणी म्हणेल, आम्ही काही अब्दुल हक नाही. आमच्या लिहिण्यावाचून काय अडले आहे? अडले आहे. १९४८ चेच उदाहरण घ्या. रझाकारांच्या जुलमाच्या आठवणी अनेकांनी लिहून ठेवल्या. त्या लिहिल्या जायलाच हव्या होत्या. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, ते मात्र फार थोडे कागदावर आले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिसरी यांच्या समितीने संस्थानात फिरून अहवाल दिला. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचे उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल अनेक दशके दफ्तरातच राहिला. त्याच दंगलीत जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही होते. ती नावे कोण लिहिणार? ज्या बुजुर्गांनी हे लहानपणी पाहिले ते आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. दर जनाज्याबरोबर एक पान जाते. आपण लिहिले नाही तर आपल्याबद्दल दुसरे कुणीतरी लिहील, आणि मग तक्रार करायला आपल्याजवळ कागद नसेल.

म्हणून माझा रिवाज साधा आहे. फजरनंतर अर्धा तास, शंभर पानी वही, दिवसाला एक पान. आठवड्याला एका वडीलधाऱ्या माणसाची हकीकत: गाव, साल, पीक, बाजार, शेजारी, जे सांगतील ते. चांगले-वाईट हे नंतर ठरते. मुलांनाही मी तेच सांगते, "बेटा, निबंध नको, आजीला एक प्रश्न विचार आणि उत्तर लिहून आण." मुले उर्दूत ऐकून येतात आणि मराठीत लिहितात. त्यांच्या वह्यांत परभणीचा जो इतिहास जमतो आहे, तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळालेला नाही.

आपल्या घरी कुणी ऐंशी वर्षांचे असेल तर उमाळ्याची वाट पाहू नका. रोप वाळते आहे, एवढे दिसले तरी पुरे. घागर उचला.