जात्यावरच्या गायिकेचं करिअर

लोकगीतं गाणाऱ्या तरुण मुलीचं करिअर कसं घडतं? स्कॉटलंडमध्ये याला बऱ्यापैकी ठरलेली वाट आहे. 1951 साली एडिनबरा विद्यापीठात लोकपरंपरेच्या अभ्यासाची शाळा सुरू झाली. 1953मध्ये हॅमिश हेंडरसन यांना अॅबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन ही भटक्या समाजातली गायिका भेटली. तिच्याकडची जुनी गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि पुढच्या पिढ्या ती ऐकून गायला शिकल्या. आता ग्लासगोत पारंपरिक संगीताची पदवी मिळते. बीबीसी रेडिओ स्कॉटलंड 2001पासून तरुण लोकसंगीतकारांसाठी स्पर्धा घेतं. याच वाटेवरची आयोना फाइफ ही तरुण गायिका स्पॉटिफायच्या मागे लागली आणि 2021मध्ये तिथल्या भाषांच्या यादीत स्कॉट्स आली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. यादीत एक नाव वाढवणं आमच्यासाठी किरकोळ काम. पण ते नाव नसेल तर गाणं दुसऱ्याच भाषेच्या खात्यात जमा होतं.

हे वाचताना मला आमचा बीड जिल्हा आठवत राहतो. धर्मापुरी माझं आजोळ. लोक तिथे केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आणि त्यावरच्या सुरसुंदरी बघायला येतात. पण आजीच्या पिढीतल्या बायांनी गायलेलं जे काही होतं, ते बघण्यासारखं नव्हतंच, ऐकण्यासारखं होतं. पहाटे, अंधारात, ज्वारी दळताना.

त्या गाण्यालाही करिअर होतंच, फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नाही. मुलगी आईसमोर बसून खुंट्याला हात लावायची, तेव्हा शिक्षण सुरू. सासरी गेली की नव्या गावाच्या ओव्या कानावर पडायच्या, माहेरच्या त्यांत मिसळायच्या. समोर जावबाई किंवा शेजारीण, तीच साथीदार आणि तीच श्रोती. दळण संपलं की मैफल संपली. गावात पिठाची गिरणी आली आणि कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. गाण्यासाठी बायांनी जातं ओढत राहावं असं म्हणणाऱ्याने आठवडाभर स्वतः दळून बघावं. मात्र कष्टाबरोबर रियाजाची वेळही गेली.

हा ठेवा पूर्ण बुडाला नाही, याचं श्रेय पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांना. 1980च्या दशकापासून त्यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या ओव्या लिहून घेतल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. पुढे बर्नार्ड बेल आले. तबल्याच्या रचनांसाठी 'बोल प्रोसेसर' हे सॉफ्टवेअर करणारा हा माणूस, त्यामुळे ओव्यांना डेटाबेसची शिस्त लागली आणि आवाजही मुद्रित झाले. 2017पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी', हा संग्रह लोकांपुढे आणत आहे.

मला या डेटाबेसमधला सगळ्यात मोलाचा रकाना वाटतो तो गाणारीच्या नावाचा. छापील संग्रहांत बहुतेक ओव्यांखाली नाव नसायचं. त्या 'लोकां'च्या असायच्या. इथे गाव आणि बाई दोन्ही कळतात. माजलगावच्या भीमनगरातल्या वाल्हाबाई टाकणखार आणि राधाबाई बोऱ्हाडे यांच्या ओव्या 1996मध्ये मुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आहेत, रमाबाई आहेत, बुद्ध आहे. म्हणजे 1956नंतरचा इतिहास थेट जात्यावर चढलेला. चाल जुनी, घाट जुना, पण शब्द या बायांच्या अनुभवाचे. ओवी त्यांनी नुसती सांभाळली नाही, रचली. परंपरा म्हणजे जुनं जसंच्या तसं पुढे देणं, या समजुतीला भीमनगरच्या या बायांनी परस्पर उत्तर दिलं आहे.

इथेच स्कॉटलंडशी तुलना टोचते. नोंदी आपल्याकडेही झाल्या, आणि संख्येने प्रचंड. पण नोंदीनंतरची पायरी? आमच्या भागात आज ओवी ऐकू येते ती लग्नात हळद दळताना, घाणा भरताना, नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनात. तिथे थर्माकोलचं जातं असतं, नऊवारीतल्या मुली असतात आणि मोबाइलवर वाजणारं सिनेमातलं गाणं असतं. गोड गळ्याची मुलगी टीव्हीच्या स्पर्धेची तयारी करते, तिथे लावणी चालते, अभंग चालतो. वाल्हाबाईंचं नाव तिला कुणी सांगितलेलंच नसतं, तर ती त्यांची ओवी निवडणार कशी?

यासाठी मोठी संस्था हवीच असं नाही. मुद्रणं आहेत, शब्द आहेत, नावं आहेत. माजलगाव, परळी, अंबाजोगाईच्या एखाद्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंनी वर्षात पाच ओव्या घेतल्या, तिथल्याच बायांच्या आवाजातून शिकवल्या आणि सहावी मुलींना रचायला सांगितली, तरी पुरे. विषय त्यांचे त्या शोधतील: ऊसतोडीला गेलेली आई, वसतिगृह, भरतीची परीक्षा. ओवीत हे सगळं मावतं. भीमनगरने ते कधीच दाखवून दिलं आहे.