पोथीची बैठक आणि नेमलेली कादंबरी

शाळेने किंवा विद्यापीठाने एखादी कादंबरी नेमायची, सगळ्या वर्गाने ती वाचायची आणि तिच्याबद्दल आपापले मत मांडायचे, हा प्रघात औंढा नागनाथच्या परिसरात स्वातंत्र्यानंतरच्या शिक्षणाबरोबर आला. एकच ग्रंथ अनेकांनी मिळून ऐकायचा आणि त्यावर बोलायचे, ही रीत मात्र इथे कितीतरी जुनी आहे. कादंबरीला इथल्या वर्गांत मिळालेला प्रतिसाद समजून घ्यायचा तर सुरुवात पोथीच्या बैठकीपासून करावी लागते.

नागनाथाच्या या गावाशी गुरू-शिष्यांची एक कथा जोडलेली आहे. गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवल्यावर नामदेव गुरूच्या शोधात इथे आले. देवळात विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेले त्यांना दिसले. पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे लिंगच, हे पाहून त्यांना जे उमगायचे ते उमगले. पुढे कीर्तनासाठी त्यांना देवळामागे जायला सांगितले गेले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळले, अशी दुसरी कथा लोक सांगतात. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त नामदेव-विसोबांची कथा आली. या भागात ती पोथी लागली की श्रोत्यांना आपल्याच गावाची, आपल्याच देवळाची गोष्ट ऐकायला मिळे. ग्रंथातले ठिकाण आपल्या पायाखालचे असण्याचा हा अनुभव फार मोलाचा आहे. मराठी कादंबरीकडून मराठवाड्यातल्या वाचकाला तो मिळायला पुढे बराच काळ जावा लागला.

पोथी लावण्याचे दिवस म्हणजे श्रावण. पेरण्या उरकलेल्या, संध्याकाळी पाऊस, मारुतीच्या पारावर किंवा कोणाच्या ओसरीत कंदील. श्रीधरांचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे सर्वांत आवडते ग्रंथ. एक जण ओव्या म्हणे आणि दुसरा, बहुधा वयाने मोठा, प्रत्येक ओवीचा अर्थ रोजच्या बोलीत सांगे. वाचता न येणाऱ्यांनाही त्यामुळे सगळा ग्रंथ खुला होई. श्रोते गप्प बसून राहत नसत. कोणी मध्येच शंका काढी, कोणी धर्माने द्रौपदीला पणाला लावले ते चुकलेच असे ठासून सांगे, तर कोणी त्याची बाजू घेई. अभिमन्यू पडला त्या रात्री बायकांचे पदर डोळ्यांना लागत. रुक्मिणीच्या स्वयंवराचा अध्याय आला की खऱ्याखुऱ्या अक्षता पडत. दुसऱ्या दिवशी शेतात खुरपणी करताना तेच बोलणे पुढे चाले. शेवटी समाप्ती, म्हणजे पोथीची पूजा आणि जेवणावळ. ग्रंथ समजणे ही इथे दहा-वीस जणांनी मिळून करायची गोष्ट होती.

कादंबरी हा प्रकार मराठीत घडला तो मुंबई-पुण्याकडे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि रा. भि. गुंजीकरांचे ‘मोचनगड’ १८७१ मध्ये आले. प्रकाराचे नावच बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून घेतलेले होते. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात प्रकरणाप्रकरणाने छापली जाऊ लागली. आजचे प्रकरण संपले की पुढच्या अंकाची वाट पाहायची, मधल्या दिवसांत नायिका यमूचे काय होणार यावर घराघरांत बोलायचे. वाचणारे शहरी आणि शिकलेले होते, तरी वाचण्याची ही लय पोथीच्या अध्यायांशी मिळतीजुळती होती.

औंढा नागनाथ तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश मुलखातले मराठी पुस्तक इथवर पोहोचे ते एखाद्या वकिलाच्या किंवा शिक्षकाच्या कपाटात, नाहीतर परभणीसारख्या ठिकाणच्या वाचनालयात. खेड्यातल्या मुलाची अडचण याहून मोठी होती. सुरुवातीच्या इयत्ता मराठीत शिकता येत. पुढचे शिक्षण उर्दूत असे, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे. उर्दूलाही कादंबरीची स्वतःची परंपरा होती. हैदराबादेत काही काळ नोकरी केलेल्या नझीर अहमद यांची ‘मिरात-उल-अरूस’ (१८६९) उत्तर भारतात मुलींच्या वाचनासाठी वापरली गेली. उर्दू माध्यमात शिकलेल्या मराठवाड्यातल्या पिढ्यांनी त्या भाषेवर मनापासून प्रेम केले. परंतु आपल्या घरच्या भाषेतली कादंबरी वर्गात उघडून तिच्यावर बोलण्याची संधी त्यांतल्या बहुतेकांना मिळाली नाही. मराठवाड्याच्या वाङ्मयीन इतिहासातली ही मोठी हानी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि शाळांचे माध्यम बदलू लागले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, तर १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. औंढ्याच्या बाजूच्या मुलांना मराठी साहित्य हा विषय घेऊन पदवीपर्यंत जाण्याची वाट आता घराजवळ आली.

या वाटेवरचे सर्वांत ठळक नाव औंढ्याशेजारच्या वसमत तालुक्यातले आहे. १५ जुलै १९३२ रोजी जन्मलेले नरहर कुरुंदकर मूळचे तिथल्या कुरुंदा गावचे. त्यांचे काही शिक्षण हैदराबादेत झाले. नांदेडला आधी शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात त्यांनी शिकवले; पुढे ते तिथे प्राचार्य झाले. मराठी कादंबरीच्या वाटचालीचा विचार करणारा त्यांचा ‘धार आणि काठ’ हा ग्रंथ १९७१ चा. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला जोडलेली त्यांची प्रस्तावना तर मुळात लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे. शिवाजी महाराजांचे चरित्र कसे पाहावे, याचा साधकबाधक विचार त्यांनी त्यात मांडला. कादंबरीच्या निमित्ताने वाचकाने इतके मोकळे आणि इतके अभ्यासपूर्ण बोलावे, आणि ते कादंबरीसोबतच छापले जावे, याला तोड नाही. मान्यवर लेखकाशीही वाद घालता येतो, हे त्यांच्या लेखनातून आणि गावोगावच्या व्याख्यानांतून मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले.

शाळेच्या पातळीवर सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढत. पुस्तकात ४२ रात्री आहेत. आश्रमात संध्याकाळी मंडळी जमतात, श्याम आईची एकेक आठवण सांगतो, ऐकणारे हळहळतात, विचारतात, उद्याची वाट पाहतात. ही रचना थेट पोथीच्या बैठकीची आहे. जिथे पुस्तकाची एकच प्रत असे, तिथेही शिक्षकाने रोज एक रात्र मोठ्याने वाचायची आणि मुलांनी ऐकायचे, हे सहज जमे. आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाने (१९५३) ही गोष्ट न वाचणाऱ्यांपर्यंतही नेली. १९५४ मध्ये त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले.

या पुस्तकावरची मुलांची प्रतिक्रिया मोठ्यांनी बहुधा एकाच शब्दात नोंदवली आहे: रडू. ही नोंद अपुरी आहे. कोकणातले घर, पोहायला शिकायला लावणारी आई, पायाला घाण लागू नये म्हणून पदर अंथरणे हे मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावात वाचताना अंतर जाणवतेच. आपली आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते, ती अशी जवळ घेऊन कधी समजावणार, हा प्रश्न खेड्यातल्या मुलाला पडणे स्वाभाविक आहे. उलट सावकाराचे कर्ज आणि घरावरची जप्ती हा भाग त्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

१९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एकच पाठ्यपुस्तक आले. कादंबरी त्यात उताऱ्याच्या रूपाने उतरली. पाच-सहा पानांचा पाठ, वर लेखकाची ओळख, खाली स्वाध्याय. यात एक जुनी खूण टिकली: पाठ शिकवताना शिक्षक आधी स्वतः प्रकट वाचन करतो, मग मुलांना उभे करून वाचायला लावतो आणि अर्थ सांगत पुढे जातो. पोथीतला वाचणारा आणि अर्थ सांगणारा असे दोघेही इथे एकाच माणसात सामावले. श्रोत्याची जागा मात्र बदलली. संदर्भासहित स्पष्टीकरण, स्वभावचित्र, टिपा, रसग्रहण या प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने एकट्याने, ठरलेल्या गुणांसाठी लिहायची होती. मार्गदर्शक पुस्तकांत तयार उत्तरे मिळू लागल्यावर गावोगावची मुले एकच मत एकाच शब्दांत लिहू लागली. मोकळे बोलणे सरकले ते हस्तलिखितात, भित्तिपत्रकावर, कथाकथनाच्या स्पर्धेत.

अख्खी कादंबरी नेमलेले पुस्तक म्हणून हातात येते ती पदवीच्या वर्गात. १९९४ पासून हिंगोलीचा भाग नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्याचे जगणे कादंबरीत आले. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ने (१९७१) खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून, मराठवाड्याच्या बोलीत सांगितली. आपल्या आजीची भाषा छापील पुस्तकात वाचणाऱ्या विद्यार्थ्याला अर्थ विचारायला कुठे जावे लागत नाही. उलट शहरातून आलेल्या प्राध्यापकाला तोच एखादा शब्द समजावून देऊ शकतो. जुन्या कादंबऱ्याही इथे निराळ्या वाचल्या जातात. ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूचे लहान वयातले लग्न हा पुण्यात इतिहास असेल. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ व्या वर्षाच्या आत झालेले आढळले, आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांत ही चाल अजून आहे. वर्गात बसलेल्या मुलींसाठी यमू ओळखीची असते.

गेल्या दशकात शाळेने प्रतिसादाला पुन्हा जागा देऊ केली. २०१८ च्या दहावीच्या ‘कुमारभारती’त महेंद्र कदम यांच्या ‘आगळ’ या कादंबरीतला आजीवरचा पाठ आला. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली आणि तिच्यात ‘स्वमत’ असा वेगळा प्रश्न ठेवला गेला. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन झाला. त्यानंतरच्या महावाचन उत्सवात तिसरी ते बारावीच्या मुलांनी आवडीचे पुस्तक वाचून त्यावर थोडक्यात लिहायचे आणि बोलायचेही ठरले. बोललेले ध्वनिमुद्रित करून पाठवायचे होते. पोथीच्या बैठकीनंतर प्रथमच, वाचलेल्यावर तोंडाने बोलणे ही या भागातल्या मुलांच्या शिक्षणातली नोंद घेण्याजोगी गोष्ट झाली आहे.