वेल्सच्या विज्ञानकादंबऱ्या व त्यांची चित्रपटरूपे

इंग्रज लेखक हर्बर्ट जॉर्ज वेल्स (१८६६–१९४६) ह्याने १८९५ ते १९०१ ह्या काळात लिहिलेल्या पाच कादंबऱ्या विज्ञानसाहित्यात अभिजात मानल्या जातात : द टाइम मशीन (१८९५), द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो (१८९६), द इन्व्हिजिबल मॅन (१८९७), द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स (१८९८) व द फर्स्ट मेन इन द मून (१९०१). ह्या पाचही कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले व काहींवर ते पुन:पुन्हा निघाले. कादंबऱ्यांतील अद्‌भुत दृश्ये पडद्याने सहज आत्मसात केली. मात्र त्या दृश्यांच्या मुळाशी असलेली सामाजिक टीका बहुधा मागे पडली किंवा बदलली. ह्या रूपांतरांचा इतिहास मुख्यत: ह्या बदलाचा इतिहास होय.

वेल्सचा जन्म कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्याची आई एका जमीनदाराच्या वाड्यात घरव्यवस्थापिका होती आणि त्याने स्वत: कापडाच्या दुकानात उमेदवारी केली. पुढे लंडनमधील नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये त्यास टी. एच. हक्स्‌ली ह्या जीववैज्ञानिकाकडे शिकण्याची संधी मिळाली. वर्गभेदाचा अनुभव आणि क्रमविकासाची दृष्टी ह्या दोहोंच्या संयोगातून त्याच्या कादंबऱ्या घडल्या.

चलच्चित्रकलेशी वेल्सचा संबंध तिच्या जन्मापासूनचा आहे. द टाइम मशीन प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, ऑक्टोबर १८९५ मध्ये, इंग्रज यंत्रनिर्माता रॉबर्ट पॉल ह्याने कालप्रवासाचा आभास घडविणाऱ्या प्रेक्षणयोजनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. ती योजना प्रत्यक्षात उतरली नाही. फ्रान्समध्ये झॉर्झ मेल्येस ह्याने १९०२ साली काढलेल्या चंद्रप्रवासाच्या लघुपटात व्हेर्नच्या कथेबरोबर वेल्सच्या चंद्रवासीयांचीही छाया दिसते.

बोलपटांच्या काळात प्रथम डॉक्टर मोरो पडद्यावर आला. पशूंवर शस्त्रक्रिया करून त्यांना मानवी रूप देऊ पाहणाऱ्या वैज्ञानिकाच्या ह्या कथेत वेल्सने विज्ञानाच्या निर्दयतेचा व मानवातील पशुत्वाचा प्रश्न उपस्थित केला होता. आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स (१९३२) ह्या अमेरिकन चित्रपटाने चित्त्यापासून घडविलेल्या स्त्रीचे नवे पात्र घालून कथेस भयपटाचे वळण दिले. ब्रिटनमधील परिनिरीक्षकांनी त्यास प्रदर्शनाची परवानगी नाकारली; ती १९५८ मध्ये मिळाली. स्वत: वेल्सलाही हा चित्रपट रुचला नाही.

जेम्स व्हेल दिग्दर्शित द इन्व्हिजिबल मॅन (१९३३) हा तंत्रदृष्ट्या महत्त्वाचा टप्पा होय. काळ्या मखमली पार्श्वभूमीपुढे नटाचे अंग काळ्या मखमलीने झाकून केवळ त्याचे कपडे चित्रित करावयाचे व ते चित्रण दुसऱ्या दृश्याशी जोडावयाचे, अशी युक्ती जॉन फुल्टन ह्याने योजिली. नायकाचे काम करणाऱ्या क्लॉड रेन्सचा चेहरा केवळ शेवटी दिसतो. कादंबरीतील ग्रिफिन मूळचाच आत्मकेंद्री असून अदृश्यतेमुळे त्याच्या वृत्तीस मोकळे रान मिळते. चित्रपटात मात्र औषधाच्या परिणामाने त्यास वेड लागते. दोष माणसाकडून रसायनाकडे गेला आणि उत्तरदायित्वापासून सुटलेल्या सत्तेचा मूळ प्रश्न सौम्य झाला.

थिंग्ज टू कम (१९३६) ह्या अलेक्झांडर कोर्डानिर्मित चित्रपटाची पटकथा वेल्सने स्वत: लिहिली. द शेप ऑफ थिंग्ज टू कम (१९३३) ह्या त्याच्या ग्रंथावर ती आधारलेली होती. १९४० मध्ये सुरू होणारे दीर्घ युद्ध, त्यानंतरची दुरवस्था आणि २०३६ मधील वैज्ञानिकांचे राज्य असा तिचा पट आहे. शहरावरील हवाई हल्ल्याचे त्यातील दृश्य थोड्याच वर्षांत लंडनमध्ये प्रत्यक्षात आले. येथे लेखकाचा विचार अबाधित राहिला. परंतु पात्रे माणसांसारखी न बोलता व्याख्याने देतात, हा आक्षेप त्यावर योग्य रीत्या घेतला जातो. त्यामुळे केवळ मूळ विचार जपल्याने रूपांतर यशस्वी होते, असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जॉर्ज पाल ह्या निर्मात्याने दोन गाजलेली रूपांतरे केली. द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स ह्या कादंबरीत वेल्सने यूरोपीय वसाहतवाल्यांनी केलेल्या टास्मानियनांच्या संहाराचे स्मरण आरंभीच करून दिले आहे. मंगळवासी इंग्रजांशी जसे वागतात, तसेच इंग्रज इतरांशी वागले, हे त्याचे म्हणणे. १९५३ च्या चित्रपटात कथा लॉस अँजेल्स परिसरात येते, अणुबाँबही निष्फळ ठरतो आणि शीतयुद्धकालीन अमेरिकेची भीती प्रकट होते. कादंबरीतील भेदरलेल्या पाद्र्याच्या जागी प्रार्थना म्हणत मृत्यूस सामोरा जाणारा धर्मोपदेशक येतो आणि शेवट चर्चमध्ये होतो. साम्राज्याचा उल्लेख मात्र गळतो.

द टाइम मशीनमध्ये इ. स. ८,०२,७०१ मधील एलॉय व मॉरलॉक ह्या दोन मानवजाती म्हणजे श्रीमंत व श्रमिक ह्यांच्या दुभंगाची अंतिम परिणती होय. पालच्या १९६० च्या चित्रपटात ह्या दुभंगाचे कारण वर्गभेद नसून पूर्व-पश्चिम महायुद्ध आहे. कादंबरीत मरण पावणारी वीना येथे वाचते आणि नायक समाजाच्या पुनर्रचनेसाठी तीन पुस्तके घेऊन भविष्यात परततो. विझत चाललेल्या सूर्याखालील निर्जन किनाऱ्याचे कादंबरीतील दृश्य चित्रपटात नाही. वेल्सचा पणतू सायमन वेल्स ह्याने दिग्दर्शित केलेल्या २००२ च्या चित्रपटातही प्रेयसीच्या मृत्यूस प्राधान्य मिळाले.

अदृश्यतेची कल्पना मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतही रुजली. मिस्टर इंडिया (१९८७) मध्ये तिचा उपयोग दुर्बलांच्या रक्षणासाठी होतो. ग्रिफिनच्या हेतूच्या नेमका उलट. तर ली व्हॅनेल ह्याच्या द इन्व्हिजिबल मॅन (२०२०) ह्या चित्रपटात कथा छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने सांगितली आहे. मूळ कथानकातील फारच थोडे त्यात उरले आहे. तथापि जो दिसत नाही त्यास जाब कोण विचारणार, हा वेल्सचा प्रश्न त्यात पूर्ण तीव्रतेने परत येतो.

ह्या रूपांतरांच्या तुलनेवरून असे दिसते, की प्रत्येक काळाने वेल्सच्या यंत्रांत आपलीच भीती भरली : युद्धपूर्वकाळात वैज्ञानिकाची, शीतयुद्धात अणुबाँबची, पुढे घरातील हिंसेची. कथानकाशी इमान राखणे वा न राखणे हा त्यांच्या मूल्यमापनाचा खरा निकष नव्हे. प्रेक्षकाला त्याच्या स्वत:च्या समाजाविषयी अस्वस्थ करण्याचे मूळ कार्य रूपांतर करते की नाही, हाच तो निकष होय; आणि त्यास उतरणारी रूपांतरे अजून थोडीच आहेत.