अमेरिकन हायस्कूलमधील विज्ञानाची वाट कोणी आखली?

१/
महाराष्ट्रात अकरावीला विज्ञान शाखा घेणारा विद्यार्थी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र एकाच वर्षी शिकतो. अमेरिकन हायस्कूलची रीत निराळी आहे. तेथे शाखा नसतात आणि सर्वसाधारणपणे एका वर्षी एकच विज्ञान शिकवले जाते. नववी-दहावीत जीवशास्त्र, त्यानंतर रसायनशास्त्र आणि सर्वांत शेवटी भौतिकशास्त्र. चार वर्षांत यांपैकी काय घ्यायचे, हे बऱ्याच अंशी विद्यार्थी ठरवतो. महाविद्यालयात विज्ञान शिकू इच्छिणाऱ्याच्या दृष्टीने ही निवड निर्णायक ठरते. परंतु निवडीसाठी त्याच्यापुढे ठेवलेली यादी आणि तिचा क्रम यांना सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२/
एकोणिसाव्या शतकात महाविद्यालयाचे दार उघडत असे ते लॅटिन, ग्रीक आणि गणित यांच्या बळावर. शाळेत विज्ञान असे, पण ते बहुधा पुस्तकातून पाठ करण्यापुरते. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट स्वतः रसायनशास्त्राचे अध्यापक होते. त्यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या कारकिर्दीत, १८८० च्या दशकात, हार्वर्डने प्रवेशासाठी प्रयोगांवर आधारलेले भौतिकशास्त्र मान्य केले. त्यासाठी ४० प्रयोगांची यादी तयार केली एडविन हॉल यांनी. भौतिकशास्त्रातील ‘हॉल परिणाम’ ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे हॉल. या यादीमुळे अनेक शाळांना प्रयोगशाळा उभारणे भाग पडले.

३/
तरीही गोंधळ मोठा होता. प्रत्येक महाविद्यालयाच्या अटी वेगळ्या आणि प्रत्येक शाळेचा अभ्यासक्रम वेगळा. १८९२ मध्ये राष्ट्रीय शिक्षण संघटनेने एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती नेमली. ती ‘दहांची समिती’ म्हणूनच इतिहासात ओळखली जाते. तिने नऊ विषयगटांसाठी नऊ परिषदा नेमल्या आणि प्रत्येक परिषदेत दहा तज्ज्ञ घेतले. नऊपैकी तीन परिषदा निसर्गविज्ञानांच्या होत्या. लॅटिन-ग्रीकच्या पंक्तीला विज्ञान प्रथमच बरोबरीच्या मानाने बसले.

४/
समितीचा गाभ्याचा सिद्धान्त आजही विचार करायला लावणारा आहे. विद्यार्थी पुढे महाविद्यालयात जाणार असो वा कारखान्यात, शाळेत जो विषय शिकवायचा तो सर्वांना सारख्याच गांभीर्याने शिकवावा, असे तिने सांगितले. चौदाव्या वर्षी मुलाचे भवितव्य ठरवून त्याला हलका अभ्यासक्रम देणे तिला मंजूर नव्हते.

५/
क्रमाबाबत मात्र समितीतच मतभेद झाले. भौतिक, रसायन आणि खगोलशास्त्राच्या परिषदेचे म्हणणे होते की रसायनशास्त्र आधी शिकवावे. भौतिकशास्त्राला गणित लागते, म्हणून ते शेवटी यावे. समितीने आपल्या तक्त्यांत याच्या उलट केले. तिने भौतिकशास्त्र आधी आणि रसायनशास्त्र नंतर ठेवले. पुढील काळात प्रत्यक्षात रुजला तो परिषदेचा क्रम.

६/
जीवशास्त्र हा एकसंध विषय यानंतर घडला. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे पूर्वी सुटे शिकवले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी ते एका अभ्यासक्रमात गुंफले गेले. आरोग्य, स्वच्छता, आहार यांसारख्या नित्याच्या गोष्टींशी संबंध असल्याने हा विषय लहान वयाला योग्य मानला गेला आणि क्रमात अग्रभागी आला. अशा रीतीने जीव, रसायन, भौतिक हा क्रम ठरला. इंग्रजी वर्णमालेतही या तिन्ही विषयांची आद्याक्षरे याच क्रमाने येतात. तो निव्वळ योगायोग.

७/
मोजमापही याच काळात आले, आणि तेही अनपेक्षित वाटेने. कार्नेगी प्रतिष्ठानाला महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यायचे होते. पण खरे महाविद्यालय कोणते, हे ठरवायचे कसे? प्रवेशासाठी हायस्कूलचे १४ ‘युनिट’ मागणारे महाविद्यालय, ही त्याची एक अट ठरली. एक युनिट म्हणजे एका विषयाचा वर्षभराचा, सुमारे १२० तासांचा अभ्यास. निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी रूढ झालेल्या या एककातच अमेरिकन विद्यार्थी आजही ‘तीन वर्षे विज्ञान, चार वर्षे गणित’ अशी तयारी मोजतो.

८/
शेवटी ठेवल्याची किंमत भौतिकशास्त्राला मोजावी लागली. १८९० मध्ये हायस्कूलच्या दर १०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे २३ जण भौतिकशास्त्र शिकत होते; १९४९ पर्यंत हे प्रमाण सुमारे पाचांवर आले. शाळांत येणाऱ्या मुलांची संख्या प्रचंड वाढली, हे याचे एक कारण. दुसरे असे की, विज्ञान ऐच्छिक होताच अनेकांनी जीवशास्त्रानंतरच थांबणे पसंत केले.

९/
४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि शाळेचा अभ्यासक्रम हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न बनला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. एमआयटीचे जेरोल्ड झकारायस यांनी भौतिकशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमाचे काम १९५६ मध्येच हाती घेतले होते. आता अशा कामांकडे पैशाचा ओघ वळला. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचीही पुनर्रचना झाली. प्रत्येक विषयाचा आशय पार बदलला, पण विषयांचा क्रम जागचा हलला नाही.

१०/
या क्रमाला पुढे आव्हान दिले ते नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लिओन लेडरमन यांनी. हा क्रम ठरला तेव्हा डीएनएची रचना कोणाला ठाऊक नव्हती. आधुनिक जीवशास्त्र रेणूंच्या भाषेत बोलते; रेणू समजण्यास रसायनशास्त्र लागते आणि अणू समजण्यास भौतिकशास्त्र. म्हणून ‘भौतिकशास्त्र प्रथम’ असा त्यांचा आग्रह होता. काही शाळांनी तो स्वीकारला. बहुसंख्य शाळा जुन्याच क्रमाने चालत राहिल्या.

११/
मग महाविद्यालयीन विज्ञानाला खरा आधार कशाचा? फिलिप सॅडलर आणि रॉबर्ट ताय यांनी महाविद्यालयांतील प्रारंभिक विज्ञानवर्गांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. हायस्कूलमधील रसायनशास्त्राचा संबंध महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या गुणांशी दिसला. जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्राचेही तसेच. मात्र एका विज्ञानाचा लाभ दुसऱ्या विज्ञानात दिसेना. तिन्ही विज्ञानांतील यशाशी नाते दिसले ते गणिताच्या अधिक अभ्यासाचे. विज्ञानांच्या क्रमावर शतकभर चाललेल्या वादाने दुय्यम प्रश्नाला प्रमुख मानले होते, असेच यावरून वाटते.

१२/
आणि येथेच खरा पेच आहे. अमेरिकेत गणितही पायरीपायरीने, एका वर्षी एक विषय असे चालते. बीजगणित, भूमिती, पुढचे बीजगणित, कलनपूर्व गणित आणि अखेरीस कलनशास्त्र, म्हणजेच कॅल्क्युलस. पायऱ्या पाच, हायस्कूलची वर्षे चार. बारावीत कलनशास्त्र हवे असेल, तर पहिली पायरी आठवीतच चढावी लागते. म्हणजे विज्ञानाची निवड तेराव्या वर्षी होते, आणि त्या वर्षी शाळेत बीजगणित शिकवलेच जात नसेल तर ती परस्पर होऊन जाते.

१३/
हे ज्यांनी ओळखले त्यांत बॉब मोझेस अग्रणी होते. १९६० च्या दशकात मिसिसिपीमध्ये कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी ते लढले होते. १९८२ मध्ये, आपल्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित नाही हे पाहून, ते स्वतः वर्गात शिकवू लागले. त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. बीजगणित हा नागरी हक्काचाच प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती.

१४/
त्याच वर्षी पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये बोलिव्हियाहून आलेले शिक्षक हायमे एस्कलांते यांचे १८ विद्यार्थी कलनशास्त्राच्या महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. त्यांत बहुतेक मुले कष्टकरी मेक्सिकन-अमेरिकन घरांतली होती. उत्तरांतील साम्यावरून परीक्षकांना संशय आला आणि १४ जणांना फेरपरीक्षेस बसण्यास सांगण्यात आले. १२ जण बसले आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले.

१५/
१८९३ मध्ये एलियट यांच्या समितीने सर्वांना सारखेच शिक्षण देण्याचे सूत्र मांडले. अमेरिकन सरकारच्या २०१५-१६ च्या आकडेवारीनुसार, देशातील सुमारे ६० टक्के हायस्कूलांत भौतिकशास्त्र आणि जेमतेम निम्म्या हायस्कूलांत कलनशास्त्र शिकवले जात होते. उरलेल्या शाळांतील विज्ञानप्रेमी मुलांनी कितीही विचारपूर्वक विषय निवडले, तरी त्यांच्या यादीत हे विषय नव्हतेच.

(समाप्त)