बिअरच्या नावाचा डोंगर आणि परत आलेला लेख

मुंबईहून मॉरिशसला विमानाने जाताना विषुववृत्ताच्या थोडं अलीकडे खिडकीतून खाली बघा. दिसणार काहीच नाही, नुसतं पाणी. पण त्या पाण्याखाली एक पर्वतरांग आहे. तिच्या माथ्यावरही किलोमीटरहून जास्त पाणी आहे. नाव कार्ल्सबर्ग. हो, बिअरवालंच! १९२८-३० च्या सफरीत ‘डाना’ या डॅनिश जहाजाला ही रांग सापडली आणि मोहिमेला पैसा देणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचं नाव तिला मिळालं.

हिमालय कसा झाला, हे आपण शाळेत शिकतो: दोन भूखंड आदळले, मधली जमीन वर उचलली गेली. इथे नेमकं उलटं घडतं. भारताचं भूपट्ट आणि आफ्रिकेकडचं भूपट्ट इथे एकमेकांपासून दूर सरकतात, वर्षाला साधारण बोटाच्या पेराएवढे. फट पडली की खालचा तप्त खडक वर येतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, म्हणून तो थोडा वितळतो आणि वर येऊन थिजला की नवा समुद्रतळ तयार होतो. नवा तळ गरम, म्हणून हलका आणि उंच. दूर जाता जाता तो थंड होतो आणि खचतो. म्हणून मधे रांग, दोन्हीकडे उतार. अशा रांगांची साखळी जगभर सुमारे ६५,००० किलोमीटर पसरलेली आहे.

हे आज इतक्या सहज सांगता येतं. १९६२ साली हॅरी हेस यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा तिला पुरावा नव्हता.

त्याच वर्षी ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग रांगेच्या एका तुकड्यावर चुंबकीय मोजणी केली. केंब्रिजला परतल्यावर ते आकडे त्यांनी फ्रेड वाइन या पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे दिले. त्या तुकड्यात दोन बुडालेले ज्वालामुखी होते. एकाचं चुंबकत्व आजच्या दिशेचं, दुसऱ्याचं चक्क उलटं! पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं आणि थिजणारा खडक त्या वेळची दिशा धरून ठेवतो. मग तळ खरंच पसरत असेल, तर रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे दिसायला हवेत. हा लेख सप्टेंबर १९६३ मध्ये ‘नेचर’ने छापला.

आता गोष्टीची दुसरी बाजू. कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षणातले लॉरेन्स मॉर्ली यांनी हाच विचार स्वतंत्रपणे लिहून त्याच वर्षी, या लेखाच्या काही महिने आधी ‘नेचर’कडे पाठवला होता. तो परत आला. दुसऱ्या नियतकालिकानेही नाकारला. असल्या गप्पा पार्टीत ठीक, असा तिथल्या परीक्षकाचा शेरा होता.

वाइन-मॅथ्यूज यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्याकडे नव्या मोजणीचे आकडे होते. मॉर्लींकडे इतरांनी छापलेले नकाशे. आणि छापून आल्यावरही वाइन-मॅथ्यूज यांचं म्हणणं लगेच कुणी मानलं नाही. १९६६ च्या सुमारास पॅसिफिकच्या दक्षिणेकडून आरशातल्या प्रतिबिंबासारखे सारखे पट्टे हाती आले, तेव्हा कुठे विरोध मावळला.

आज या सिद्धान्ताला तिघांचं नाव लावतात. तुमचा एखादा लेख परत आला, तर मॉर्ली आठवा. आणि दुसऱ्याच्या लेखावर शेरा मारायची वेळ आली, तर तो परीक्षकही आठवा.