अंगण, कुरण आणि कुंपण

शाळेचा इतिहास लिहिताना आपण संस्थापक, इमारत आणि निकाल यांची नोंद घेतो; शाळेभोवतालची जमीन त्यातून बहुधा वगळली जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात केलेले कार्य या जमिनीच्या अंगाने पाहिले, तर त्याचा वेगळाच अर्थ उलगडतो.

१९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. उपेक्षित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात भरणारी म्हणून ती ‘अंगणवाडी’. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने हाती आली. अंगण हे घराचे खरे, पण दार लावून घेण्याची जागा नव्हे. तिथे धान्य वाळते, म्हातारी माणसे टेकतात, येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जातो. मुलांचे शिकणे तिथे साऱ्या वस्तीच्या नजरेसमोर घडले.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखत. गुरे सोडून शाळेत येणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून शाळा गुरांमागे गेली आणि ‘कुरणशाळा’ जन्मली. मुलांसाठी जागा आखण्याऐवजी या दोघींनी समाजाच्या वापरातली जागाच शाळा मानली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. त्यातले अंगण मात्र पुष्कळदा मागेच राहिले. अनेक अंगणवाड्या आज एका खोलीत भरतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले, तसेच भिंत किंवा कुंपणही. मुलांची सुरक्षितता आणि अतिक्रमणाचे भय पाहता कुंपणाची गरज नाकारता येणार नाही. परंतु ज्या गुरांमागे कोसबाडला शाळा गेली, त्यांनाच अडवणे हे आता कुंपणाचे एक काम होऊन बसले आहे.

म्हणूनच शाळेच्या आवाराचा आराखडा करताना झाडे आणि घसरगुंड्या यांच्या आधी काही प्रश्न विचारायला हवेत. नातवाला सोडायला आलेल्या आजीने कुठे बसावे? संध्याकाळी फाटक कोणासाठी उघडावे? गावाला ज्या जमिनीवर पाऊल ठेवता येत नाही, तिची राखण गाव आपलेपणाने करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.