औषध सोडण्याची रीत

इ. स. १९४९ च्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि एका दिवसांत राज्याचा कारभार एका हातांतून दुसऱ्या हातीं गेला. त्याच वर्षीं देशापुढें आणखी एक प्रश्न होता. त्यास मात्र एक दिवस पुरेसा वाटला नाहीं. अफूचें सेवन बंद करावयाचें होतें. सांधेदुखीवर अफू, खोकल्यावर अफू, आई कामावर गेली असतां मूल निजून राहावें म्हणून बाळगोळींतहि अफू, अशी ती अनेक घरांत शिरलेली होती. तेव्हां असें ठरलें कीं, अफूचा पुरवठा दरवर्षीं शेंकडा १० नें कमी करीत न्यावा आणि ३१ मार्च १९५९ पर्यंत औषधोपचाराखेरीज होणारें तिचें सेवन संपवावें. राज्य एका दिवसांत बदलतां येतें, शरीराची सवय बदलतां येत नाहीं, हें जणूं त्या निर्णयानें मान्य केलें.

ही गोष्ट आज आठवण्याचें कारण अफू नव्हे. खिन्नतेच्या विकारावर, ज्यास हल्लीं सर्वत्र डिप्रेशन म्हणतात त्यावर, ज्या गोळ्या दिल्या जातात त्या सोडण्याचा प्रश्न आज घरोघरीं उभा आहे. रोग्यास बरें वाटूं लागतें. शेजारी म्हणतो, ‘‘आतां कशाला त्या गोळ्या?’’ किंवा पुडी संपते आणि दुसरी आणली जात नाहीं. दोन-चार दिवस लोटतात. मग चक्कर येते, मळमळतें, झोंप उडते, भलभलतीं स्वप्नें पडतात, जीव घाबरा होतो, मान वळवितांना डोक्यांत वीज चमकून गेल्याचा भास होतो. घरचीं माणसें कपाळास हात लावून म्हणतात, दुखणें उलटलें. पण पुष्कळदां तें मूळचें दुखणें नसतें. औषध एकदम तोडल्याचा तो परिणाम असतो. हें ज्ञान वैद्यकास केव्हां झालें आणि हातचें कसें निसटलें, याचा इतिहास बोधप्रद आहे.

सवय एकदम तोडूं नये, हें तत्त्व आपल्याकडे फार जुनें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत अंगवळणीं पडलेलें अपथ्य कसें सोडावें हें सांगितलें आहे. चतुर्थांशानें सोडावें, किंवा चतुर्थांशाच्याहि चतुर्थांशानें सोडावें, आणि मध्यें एक, दोन, तीन दिवसांचें अंतर ठेवीत जावें, असा त्याचा क्रम. चरकाचाहि अभिप्राय तोच. हे नियम आहाराच्या सवयीसाठीं आहेत, आजच्या गोळ्यांसाठीं नव्हेत. परंतु जी वस्तु अहितकर म्हणून टाकावयाची, तीहि झटक्यानें टाकूं नये, कारण शरीर तिच्याशीं जुळवून बसलेलें असतें, ही त्यांतील दृष्टि आजहि शिळी झालेली नाहीं.

खिन्नतेवरील औषधांचा जन्म योगायोगानें झाला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयरोग्यांवर आयप्रोनियाझिड नांवाचें औषध देऊन पाहात असतां, खाटेवर मरगळून पडलेले रोगी आनंदी व उत्साही दिसूं लागले. पुढें स्वित्झर्लंडमधील म्यून्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयांत रोलंड कून या डॉक्टरानें इमिप्रामिन हें औषध खिन्नतेच्या रोग्यांना दिलें आणि १९५७ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्या वर्षीं झुरिचच्या परिषदेंत त्याचें व्याख्यान ऐकावयास जेमतेम डझनभर मंडळी होती. तरी थोड्याच वर्षांत तें औषध जगभर गेलें.

विशेष हें कीं, औषधाचा गुण जगापुढें आल्यावर त्याच्या निरोपाचा त्रास दिसावयास फार दिवस लागले नाहींत. १९५९ सालींच इमिप्रामिन थांबविल्यावर होणाऱ्या विकारांची नोंद छापली गेली. १९६१ सालीं क्रेमर, क्लाइन व फिंक या अमेरिकन डॉक्टरांनीं या एकाच विषयावर निबंध लिहिला. म्हणजे औषध सावकाश उतरवावें हें कळण्यास साधन नव्हतें, असें म्हणतां येत नाहीं.

पुढें १९८७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत फ्लुओक्सेटिन या औषधास परवानगी मिळाली आणि त्याच जातीचीं औषधें एकामागून एक आलीं. तीं जुन्या औषधांहून निर्धोक ठरलीं, म्हणून साधे डॉक्टरहि तीं लिहूं लागले. पण त्यांचे स्वभाव सारखे नाहींत. फ्लुओक्सेटिनचा अंश शरीरांत कित्येक आठवडे रेंगाळतो. तें जणूं आपण होऊन पायरीपायरीनें उतरतें. पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन हीं मात्र लवकर निघून जातात, आणि त्यांची उणीव शरीरास अकस्मात् जाणवते. १९९६ सालीं एका औषध कंपनीच्या खर्चानें भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकींत या त्रासास ‘औषध थांबविल्याचीं लक्षणें’ अशा अर्थाचें सौम्य नांव रूढ झालें. तीं बहुधा हलकीं असून एक-दोन आठवड्यांत मावळतात, असें पाठ्यपुस्तकें सांगूं लागलीं. ज्यांचा त्रास महिनोगणती टिकला त्यांचें म्हणणें यामुळें खरें मानलें जाईना.

२०१९ सालीं लंडन येथील मार्क होरोविट्झ व डेव्हिड टेलर यांनीं या प्रश्नास गणिताची जोड दिली. होरोविट्झ यानें हा त्रास स्वतः भोगला होता. सिटॅलोप्रॅम या औषधाचें उदाहरण घ्यावें. रोज २० मिलिग्रॅम घेतलें असतां मेंदूंतील ज्या ठिकाणीं तें काम करतें त्यांपैकीं शेंकडा सुमारें ८० जागा तें व्यापतें. मात्रा निम्मी केली तरी सुमारें ७० जागा व्यापलेल्याच राहतात. दीड मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेवरहि ३० च्या आसपास जागा भरलेल्या असतात. म्हणजे वीसावरून दहावर येणें ही लहान पायरी, आणि पांचावरून शून्यावर येणें हा कडा! अर्धी, मग पाव, मग कांहीं नाहीं, असें उतरणाऱ्यास शेवटींच ठेंच कां लागते, हें यावरून उमगतें. १९४९ च्या अफूच्या वेळापत्रकांतहि हीच गोम होती. पहिल्या वर्षीं शंभराचे नव्वद होत. शेवटच्या वर्षीं उरलेलें सारेंच जाई. म्हणून जसजसें खालीं यावें तसतशी पायरी अधिक लहान करावी, असा सिद्धान्त निघाला. त्याच वर्षीं मे महिन्यांत ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजानेंहि आपलें मत बदललें आणि कांहीं रोग्यांचा त्रास तीव्र व दीर्घकालीन असतो हें मान्य केलें.

तथापि भीतीचा बाजार मांडणेंहि अनुचित. २०२४ सालीं ७९ अभ्यासांतील सुमारें २१,००० रोग्यांची छाननी प्रसिद्ध झाली. औषध सोडणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें ३१ जणांस लक्षणें दिसलीं. पण औषधाच्या नांवाखालीं निर्गुण गोळी घेत असलेल्यांनीं ती सोडली, तेव्हां त्यांतील १७ टक्क्यांसहि तीं दिसलीं. म्हणजे खुद्द औषधामुळें होणारा त्रास सहा-सात जणांत एकास, आणि तीव्र त्रास पस्तिसांत एकास, असा अंदाज निघतो. हे अभ्यास बहुतांशीं अल्पकाळ औषध घेतलेल्यांचे होते, हा आक्षेपहि लक्षांत ठेविला पाहिजे.

श्रोत्यांनीं येथें दोन भेद ध्यानांत धरावे. पहिला, हें व्यसन नव्हे. अफूसारखी वाढत्या मात्रेची हांव येथें नसते. शरीर जुळवून बसलेलें असतें, इतकेंच. दुसरा, औषध सुटल्याचा त्रास बहुधा थोड्या दिवसांत उद्भवतो, त्यांत चक्कर व विजेसारखे झटके असतात, आणि औषध पुन्हां सुरू केल्यास तो सहसा लवकर शमतो. मूळ खिन्नता बहुधा आठवड्या-महिन्यांनीं, हळूहळू परतते. त्रास कोणत्या दिवशीं सुरू झाला याची वहींत नोंद असेल, तर डॉक्टरास हा निवाडा करणें सोपें जातें. मात्रा डॉक्टरांच्याच सल्ल्यानें, आठवड्यांच्या अंतरानें उतरवावी. त्रास झाल्यास त्या पायरीवर थांबावें किंवा एक पायरी मागें यावें. एक दिवस घेणें व एक दिवस गाळणें हा घरगुती उपाय बरा वाटतो. परंतु लवकर ओसरणाऱ्या औषधांत त्यामुळें शरीरास रोज नवा हिसका बसतो. जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येऊं लागले तर मात्र एक दिवसहि वाट पाहूं नये. तत्काळ डॉक्टरांस गांठावें, किंवा २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावें.

पूर्वीं आल्बर्ट एडवर्ड यांच्या नांवानें ओळखलें जाणारें कोल्हापूरचें छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय आज वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेलें आहे. तेथें मनाच्या दुखण्यावरील औषध मिळतें; तें कसें सोडावें हें विचारण्याचीहि तीच जागा आहे. पण गोळी सुरू करावयास आलेला मनुष्य ती सोडतांना क्वचितच परत येतो. त्याला लाज वाटते, किंवा आतां विचारावयाचें काय उरलें असें वाटतें. राधानगरीचें धरण भरणें हें मोठें काम खरें. परंतु त्याचें पाणी केव्हां व किती सोडावें हेंहि तितकेंच जोखमीचें काम आहे, हें भोगावतीकांठच्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. औषधाचेंहि तसेंच आहे. तें घेण्यास ज्याचा सल्ला घेतला, तें सोडण्यासहि त्याचाच सल्ला घ्यावा; कारण उपचार पहिल्या गोळीनें सुरू होतो, तसा तो शेवटची गोळी नीट सुटल्यावरच पुरा होतो.